आधी डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा, मग रिपोर्ट दाखवा

खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. गेल्या काही महिन्यांत तिला दोनदा फिट आली, दोन्ही वेळा सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात. बेळगावात डॉक्टरांना दाखवलं. ईईजी आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल आले, तरी लेव्हेटिरॅसिटॅमच्या गोळ्या सुरू केल्या. आता वडील म्हणतात, रिपोर्टात काहीच नाही तर गोळ्या कशाला? आजी म्हणते, देवऋष्याला दाखवा. गोळ्या सुरू झाल्यापासून मुलगी चिडचिडी झाली आहे. आणि पुढे लग्नाचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात आहे.

ताई, सगळ्यात आधी एक सांगते: गोळ्या आज बंद करू नका. कारण पुढे येईलच. त्याआधी रिपोर्टबद्दल बोलू, कारण वडिलांची शंका अगदी रास्त आहे आणि बहुतेक घरांत ती येतेच.

फिट म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशी काही काळ एकदम, एकाच तालात विजेचे संदेश सोडू लागतात. हे थोडा वेळ चालतं आणि थांबतं. थांबल्यावर मेंदू पूर्ववत होतो. ईईजीचं यंत्र डोक्यावर वायरी लावून वीस-तीस मिनिटांची नोंद घेतं. तेवढ्या वेळात बिघाडाची खूण उमटली तर उमटली, नाहीतर नाही. खरोखर फिटचा आजार असलेल्या माणसांपैकीसुद्धा साधारण निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. रात्रभर जागवून, किंवा झोपेत ईईजी काढला तर खूण सापडण्याची शक्यता वाढते. एमआरआयचं काम वेगळं. तो मेंदूत गाठ, जंताची पुटकुळी, जुन्या इजेचा व्रण आहे का ते दाखवतो. अनेक प्रकारच्या फिटमध्ये मेंदूची रचना अगदी निरोगी असते, मग एमआरआयात दिसणार काय?

म्हणून फिटचं निदान मुख्यतः ती पाहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर होतं. माझ्याकडे येणारी माणसं आधी फाईल पुढे करतात. मी फाईल बाजूला ठेवून विचारते, 'फिट आली तेव्हा जवळ कोण होतं?' पुष्कळदा ते माणूस घरीच राहिलेलं असतं आणि दवाखान्यात तो काका आलेला असतो, ज्यानं काहीच पाहिलेलं नाही, पण ज्याच्याकडे गाडी आहे. मग मी त्याच्याच मोबाइलवरून घरी फोन लावायला सांगते.

तुमच्या मुलीबद्दल मला हे विचारायचं आहे. सकाळी उठल्यावर, ती पूर्ण शुद्धीत असताना, तिचे हात किंवा खांदे अचानक उडतात का? वेणी घालताना कंगवा हातातून निसटून पडतो का? चहाचा कप सांडतो का? भाकरी थापायला बसली आणि काटवटीतलं पीठ उडालं, असं कधी झालं का? आणि त्यावरून 'धड काही धरता येत नाही' म्हणून ती घरात बोलणी खाते का?

हे इतकं बारकाईनं विचारण्याचं कारण असं, की बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींत एक फिटचा प्रकार नेमका असाच दिसतो. त्याला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. सकाळी जाग आल्यावर हातांना छोटे हिसके येतात. मूल शुद्धीवर असतं, म्हणून कुणाला तो आजार वाटत नाही. महिनोन्‌महिने असं चालतं. मग एखाद्या रात्री परीक्षेचं जागरण होतं, नाहीतर घरात लग्न असतं आणि हळदीच्या रात्री कुणीच झोपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी फिट येते. घरच्यांना ती पहिलीच वाटते. हिसक्यांचं विचारल्यावर मुलगी मान खाली घालून म्हणते, 'हो, तसं होतं, पण मला वाटलं मी नीट धरत नाही.' त्या क्षणी आईचा चेहरा पाहावा लागतो. मी आईला लगेच सांगते, ओरडलात यात तुमचा दोष नाही. हे कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

तुमच्या मुलीला हेच आहे असं मी न तपासता म्हणणार नाही. पण वय, सकाळची वेळ आणि नॉर्मल एमआरआय, हे सगळं त्या दिशेला बोट दाखवतं. हिसके येत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण त्यावर औषध ठरतं. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन ही फिटसाठी सर्रास दिली जाणारी औषधं या प्रकारात हिसके वाढवू शकतात. चांगली औषधं, पण इथं चुकीची. 'हात उडतात' हे दोन शब्द सांगितले न गेल्यामुळे वर्षभर चुकीच्या गोळ्या खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत.

आता मोबाइलबद्दल. पुन्हा फिट आली, तर एकानं मुलीला सांभाळावं आणि दुसऱ्यानं व्हिडिओ घ्यावा. तो पाहणाऱ्याला नको वाटतं, हे मला कळतं. पण अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ कधीकधी एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो. त्यात डोळे दिसू द्या. ते उघडे आहेत की घट्ट मिटलेले? मान आणि डोळे एका बाजूला वळले होते का? आधी एकच हात आखडला की सगळं अंग एकदम? किती वेळ चाललं, हे घड्याळावर बघा, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं. फिट थांबल्यावर तिनं किती वेळानं नाव घेतल्यावर ओळख दाखवली? जीभ चावली गेली का, आणि चावली तर कडेला की टोकाला? कडेला चावलेली जीभ बहुधा खऱ्या फिटची खूण असते.

कारण प्रत्येक बेशुद्धी म्हणजे फिट नव्हे. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं राहिलेलं मूल आधी पांढरं पडतं, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते खाली कोसळतं. पडल्यावर हातपाय चार-दोनदा हलतातही. पण अर्ध्या मिनिटात ते शुद्धीवर येऊन 'पाणी द्या' म्हणतं. ही साधी चक्कर असते. फिटनंतरचं माणूस असं लगेच बोलत नाही; ते गोंधळलेलं असतं, अंग दुखतं, झोपून जातं. क्वचित हृदयाच्या ठोक्यांतल्या बिघाडानं येणारी बेशुद्धीही फिटसारखीच दिसते, म्हणून ईसीजी प्रत्येकाचा काढावा. त्याला फारसा खर्च येत नाही. काहींना मनावरच्या ताणातून फिटसारखे झटके येतात. डोळे घट्ट मिटलेले, मान इकडून तिकडे, बराच वेळ चाललेलं. हे सोंग नसतं. त्या माणसाच्या हातात ते नसतं, आणि त्यावर उपचारही आहेत, फक्त ते फिटच्या गोळ्या नव्हेत.

उलट काही फिट आहेत हे लवकर लक्षातच येत नाही. सात-आठ वर्षांचं मूल वर्गात बोलता बोलता पाच-दहा सेकंद टक लावून गप्प होतं आणि पुन्हा जिथं थांबलं तिथून बोलू लागतं. दिवसातून अनेकदा. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. एखादा मोठा माणूस अचानक ओठ चघळल्यासारखे करतो, शर्टाची बटणं चाचपतो, विचारलं तर उत्तर देत नाही, आणि दोन मिनिटांनी त्याला काहीच आठवत नाही. त्याआधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, असं तो सांगतो. या दोन्ही फिटच आहेत, आणि औषधानं थांबतात.

आता फिट येत असताना काय करायचं. हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, माहीत हवं.

तिला जमिनीवरच राहू द्या. जवळची चूल, बंब, विळी, दगड बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा टॉवेल ठेवा. गळ्याजवळचं बटण सैल करा. घड्याळ बघा. झटके थांबले की तिला एका कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ आणि फेस बाहेर वाहून जाईल आणि श्वास मोकळा राहील. हातपाय धरून दाबू नका, त्यानं फिट थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. तोंडात चमचा, कापड, बोट काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, तसं होणं शक्यच नाही. पण चमच्यानं दात तुटून ते श्वासनलिकेत गेलेलं मी पाहिलं आहे. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. आणि हातात किल्ली देणं, कांदा फोडून हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, हे सगळं सोडा. 'पण कांदा हुंगवला की थांबते' असं अनेकजण मला ठामपणे सांगतात. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो.

पाच मिनिटं झाली तरी झटके थांबले नाहीत, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी फिट सुरू झाली, तर १०८ला फोन करा. पाण्यात फिट आली, डोक्याला मार लागला, पोटुशी बाई असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तरी दवाखाना गाठा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांना हे अंतर किती महागात पडतं, ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात कणकुंबीकडच्या वाड्यांवरून गाडी निघायलाच वेळ लागतो. म्हणून ज्यांच्या फिट लांबतात, त्यांना मी नाकात मारायचा, फिट थांबवणारा मिडॅझोलॅमचा फवारा लिहून देते आणि घरातल्या दोघांना तो कसा वापरायचा ते समोर बसवून शिकवते. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल विचारा. गाव तालुक्याच्या दवाखान्यापासून लांब असेल, तर हे विचारणं जास्तच गरजेचं आहे.

फिट का येते, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण देवऋष्याचा विषय आलाच आहे, तर त्याआधी कारणांचं बोलायला हवं.

या भागात मोठ्या माणसाला नव्यानं फिट आली की मला आधी मेंदूतल्या जंताची आठवण होते. टेपवर्म नावाचा, डुकराच्या मांसातून येणारा हा पट्टकृमी. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, उघड्यावरून ती मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. कोथिंबीर, मेथी, कांदापात नीट न धुता कच्ची खाल्ली, किंवा अंडी असलेल्या हातानं कुणी वाढलं, की ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून रक्तावाटे मेंदूत पुटकुळी तयार होते. चिकोडी-निपाणीकडचं एखादं जैन किंवा लिंगायत कुटुंब हे ऐकून हादरतं. 'डॉक्टर, आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही!' खरं आहे. पण पोटात अंडी जायला मांस खावं लागत नाही. यात घाबरण्यासारखं फार नाही. ही पुटकुळी बहुतेकदा एकच असते, काही महिन्यांत ती विरघळते किंवा चुन्यासारखी होऊन पडून राहते. अल्बेंडाझोल हे जंतावरचं औषध आणि सूज कमी करणारी औषधं किती दिवस द्यायची, ते डॉक्टर स्कॅन बघून ठरवतात. औषधदुकानातून जंताची गोळी आणून मनानं घेऊ नका. मेंदूत पुटकुळ्या बऱ्याच असतील तर त्यानं सूज वाढून जीवावर बेतू शकतं.

दुसरं कारण दक्षिण भारतात, आणि कर्नाटकात विशेष, आढळतं: डोक्यावरून कडकडीत पाणी घेताना येणारी फिट. जगात इतर ठिकाणी ती फार क्वचित दिसते. आपल्याकडे बंबातलं किंवा चुलीवरच्या हंड्यातलं पाणी तांब्यानं भराभर डोक्यावर ओतायची सवय. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तर विशेषच. न्हाणीत मूल अचानक शून्यात बघू लागतं, भलतंसलतं बोलतं, कधी कोसळतं. मुलांमध्ये हे मुलींपेक्षा जास्त दिसतं. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी आणि पुढे बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेतले डॉ. पी. सतीशचंद्र यांनी यावर बरंच काम केलं. उपाय सोपा आहे: पाणी कोमट ठेवा, डोक्यावर एकदम ओतू नका, केस वेगळ्या वेळी ओल्या फडक्यानं पुसून किंवा हळूहळू पाणी घालून धुवा. तेवढ्यानं भागलं नाही, तर न्हाण्याच्या दीड-दोन तास आधी क्लोबाझॅमची एक गोळी देतात. काहींना पुढे पाण्याशिवायही फिट येऊ लागतात, त्यांना मग रोजचं औषध लागतं.

निलगिरीचं तेल आणि कापूर यांबद्दलही सांगते. सर्दीला छातीवर चोळायचं मलम, वाफाऱ्यात घातलेले थेंब, रुमालावर ओतून हुंगायची पुरचुंडी, यांतला कापूर आणि निलगिरी फिट आणू शकतात, हे बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अनेक रुग्णांत दाखवून दिलं आहे. ज्याला फिट आहे, त्याच्या घरात ही मलमं नकोत. लहान मुलाच्या हाती कापराची वडी लागू देऊ नका, पोटात गेली तर फारच घातक.

आणि दारू. रोज पिणारा माणूस आजारपणात, प्रवासात किंवा घरच्यांनी हट्टानं एकदम सोडवल्यावर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिटनं कोसळतो. त्याला आयुष्यभर फिटच्या गोळ्या लागत नाहीत, पण दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला तापात येणारी आकडीही वेगळी गोष्ट आहे. ती बहुधा पुढे राहत नाही, आणि बहुतेक बाळांना रोजचं औषधही लागत नाही.

आता आजीबद्दल. मी आजीला रागावणार नाही. फिट पाहताना कुणालाही वाटेल की या अंगात दुसरंच कुणीतरी शिरलंय. नजर फिरते, आवाज घुमतो, तोंडाला फेस येतो. आमच्याकडचे कितीतरी रुग्ण सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाऊन येतात, कोल्हापूरच्या अंबाबाईला नवस बोलतात, आणि गोळ्याही घेतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती दोनच गोष्टींना. डाग देणं, मिरचीची धुरी, मारहाण, उपाशी ठेवणं यातलं काही मुलीच्या वाट्याला येता कामा नये. आणि 'आमचा अंगारा चालू असताना डॉक्टरची गोळी नको' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. गावोगावी फिटवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या भुकट्यांनाही हात लावू नका. अशा काही भुकट्यांत फेनोबार्बिटोन हे फिटचं जुनं औषध मिसळलेलं सापडलं आहे. म्हणजे भुकटीचा गुण म्हणतात तो त्याच डॉक्टरी औषधाचा, फक्त किती मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नाही. ती एकदम थांबवली की न थांबणाऱ्या फिट सुरू होतात.

गोळ्या आज बंद करू नका म्हटलं, त्याचं कारणही हेच. फिटचं कोणतंही औषध एकदम तोडलं तर मेंदू उसळी घेतो. एकामागून एक फिट येऊन रुग्ण अतिदक्षता विभागात पोचतो तो बहुधा असाच: 'बरं वाटत होतं म्हणून बंद केली', 'दुकानात मिळाली नाही', 'उपवास होता'. एकादशीला पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं उपवास मोडत नाही. रोजे ठेवणाऱ्या माझ्या रुग्णांना मी सहरी आणि इफ्तारच्या वेळा धरून औषध बसवून देते. पंढरीच्या दिंडीत निघालात तर गोळ्या दोन पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवा, एक भिजली तरी दुसरी राहील. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

लेव्हेटिरॅसिटॅमनं चिडचिड वाढते, हे खरं आहे. मुलीचा स्वभाव बिघडलेला नाही. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तिला हे मोकळेपणी सांगा, तिचा अर्धा भार उतरेल. डॉक्टर डोस कमी करून बघतील किंवा हळूहळू दुसऱ्या औषधावर नेतील. ती फार उदास दिसली, जगणं नको असं काही बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारून घ्या: बदललेलं औषध व्हॅल्प्रोएट तर नाही ना? या प्रकारच्या फिटवर ते सगळ्यांत गुणकारी आहे, मुलग्यांना मी ते पुष्कळदा देते. पण पोटात बाळ असताना आईनं ते घेतलं, तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बुद्धीवर, बोलण्यावर, वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मुलींना दुसरा इलाज असताना ते देऊ नये, आणि आधीच चालू असेल तर मनानं तोडू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.

लग्नाचा विषय मी टाळणार नाही. कायद्याचं म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यात फिट ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती. १९९९च्या दुरुस्तीनं ते शब्द काढून टाकले गेले. पण कागदावरून शब्द गेले तरी लोकांच्या मनातून ते गेलेले नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरीही माझं सांगणं स्पष्ट आहे: लपवू नका. लपवलेल्या आजाराची गोळी लपूनच घ्यावी लागते. सासरी पहिल्या आठवड्यातच ती चुकते. त्यात लग्नातली जागरणं, जेवणाच्या बदललेल्या वेळा. मग फिट येते ती नेमकी त्याच घरात, आणि 'फसवलं' हा शब्द येतो. स्थळ पसंत पडल्यावर, साखरपुड्याआधी, मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन डॉक्टरांकडे या. मी अशी बोलणी दवाखान्यात बसून केलेली आहेत. पुष्कळ माणसं ऐकून समजूतदारपणे वागतात. जी वागत नाहीत, त्यांच्याकडे मुलगी गेली नाही हेच बरं. फिट असलेल्या आईच्या मुलांना फिट होते असं धरून चालू नका; शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांना ती होत नाही. दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करायची, बाळंतपण दवाखान्यात करायचं, फिटच्या गोळ्या गरोदरपणातही चालू ठेवायच्या, आणि बाळाला अंगावर पाजायचं. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइनसारख्या गोळ्या चालू असतील तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, हेही मुलीला वेळेत कळायला हवं.

सध्या तिच्यासाठी सगळ्यात मोठं औषध झोप आहे. परीक्षेच्या दिवसांतही सात-आठ तास. अभ्यासाला रात्रीचा दीड वाजवायचा आणि पहाटे चारला उठायचं, हे तिच्या मेंदूला चालणार नाही. न्हाणीघराला आतून कडी नको, बादलीत पाणी घेऊन बसूनच अंघोळ. एकटीनं विहिरीवर, तळ्यावर किंवा मलप्रभेच्या पात्रात उतरू नये. चुलीपुढे एकटी असेल तर कुणीतरी घरात असावं. भाजल्याच्या जखमा घेऊन येणाऱ्या फिटच्या बायका मी पाहिल्या आहेत. कॉलेजला स्कूटीवरून जाऊ नये. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच्या घोषणापत्रात फिटबद्दल थेट प्रश्न असतो, तिथं खोटं लिहू नका. बसनं जाऊ द्या, आणि बरोबरच्या एका मैत्रिणीला फिट आली तर काय करायचं ते शिकवून ठेवा.

गोळ्या किती वर्षं, हे आजच सांगता येत नाही. पुष्कळ रुग्णांत दोन ते पाच वर्षं एकही फिट आली नाही तर आम्ही काही महिने घेऊन औषध हळूहळू कमी करतो. सकाळच्या हिसक्यांचा तो प्रकार असेल, तर मात्र औषध बराच काळ लागतं, पण गोळीवर तो बहुतेकदा उत्तम आटोक्यात राहतो. योग्य औषधं मिळाली तर फिट असलेल्या दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात. कर्नाटकातच चामराजनगर जिल्ह्यातल्या यळंदूर तालुक्यात डॉ. मणी यांच्या पथकानं स्वस्तातल्या जुन्या गोळ्यांवरही खेड्यातल्या फिट आटोक्यात ठेवता येतात हे दाखवून दिलं; ते काम २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोन नीट निवडलेली औषधं पुऱ्या डोसात देऊनही फिट थांबली नाही, तर मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेचा विचार होतो. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

पैशांचं म्हणाल, तर जनऔषधीच्या दुकानात फिटच्या बऱ्याच गोळ्या स्वस्त मिळतात. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात, धारवाडच्या डिम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेत तपासणी होते. राज्य सरकारनं निम्हान्सबरोबर २०२२ मध्ये मेंदू आरोग्याचा उपक्रम सुरू केला आहे, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. खानापूरची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही जातात, निपाणीची कोल्हापूर-मिरजेला. कुठेही जा, पण दर वेळी नव्या डॉक्टरकडे नव्यानं सुरुवात होऊ देऊ नका. एक वही करा. तीत मराठीत लिहा, हरकत नाही. औषधाचं नाव मात्र पाकिटावर आहे तसं उतरवा, म्हणजे मराठी, कन्नड, कोकणी कुठल्याही डॉक्टरला ते वाचता येईल. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली होती का, पाळी जवळ होती का. हात उडण्याचे हिसकेसुद्धा त्यातच लिहा.

पुढच्या भेटीला येताना ती वही, मोबाइलमधला व्हिडिओ असेल तर तो, आणि ज्यांनी फिट पाहिली त्यांना घेऊन या. आजीनं पाहिली असेल तर आजीलाच आणा. झोप मोडून ईईजी परत काढायचा का, औषध बदलायचं का, हे तेव्हा ठरवता येईल. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ गोळी, ठरलेल्या वेळी.